दोन लॅबचे दोन आकडे आणि ते निळं एन्झाइम

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारे गृहस्थ रसायनशास्त्राचे बीएस्सी आहेत आणि सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका डायहाऊसमध्ये, म्हणजे सूत-कापड रंगवण्याच्या कारखान्यात, काम करतात. एप्रिलमध्ये त्यांना मुलगी झाली. चौथ्या दिवशी सकाळी एका लॅबमध्ये तिचं बिलिरुबिन, म्हणजे काविळीत रक्तात वाढणारं पिवळं द्रव्य, १४.२ मिलिग्रॅम आलं. खात्री करावी म्हणून दुपारी पुन्हा रक्त काढलं, ते यांनी स्वतः मोटारसायकलवरून दुसऱ्या लॅबला पोचवलं आणि तिथं ११.६ आलं. मधल्या वेळेत फोटोथेरपी, म्हणजे निळ्या दिव्याखालचा उपचार, लागलेली नव्हती. दुसऱ्या रिपोर्टवर पद्धतीच्या रकान्यात ‘बिलिरुबिन ऑक्सिडेज’ छापलेलं होतं. बाळ आता ठणठणीत आहे. यांना विचारायचंय की खरा आकडा कुठला, हे ऑक्सिडेज काय प्रकरण आहे आणि त्याच्यावर बॅटरी चालते म्हणतात ते खरं का.

आधी आकड्याचं बघू, मग एन्झाइमचं. बॅटरी शेवटी.

तुमचा सगळा संशय त्या एन्झाइमवर दिसतोय. सोलापुरात सत्तावीस वर्षं बायोकेमिस्ट्रीच्या बाकावर काढल्यावर माझा पहिला संशय दुपारच्या उन्हावर जातो. तुम्ही सहज लिहून गेलात की बल्ब, म्हणजे रक्ताची नळी, पारदर्शक पिशवीत घालून हँडलला अडकवला होता. सात रस्त्यावरून नवी पेठेत यायचं, वाटेत दोन सिग्नल, पोचल्यावर पार्किंग शोधायचं. एप्रिलच्या दुपारी तेवढा वेळ पुष्कळ झाला. बिलिरुबिन उजेडाला टिकत नाही. थेट उन्हात ठेवलेल्या सॅम्पलमधलं बिलिरुबिन तासाभरात निम्म्यापर्यंत उतरू शकतं. दोन लॅब, दोन यंत्रं, दोन पद्धती म्हटल्यावर चौदाच्या आसपास अर्धा-पाऊण, कधी एखादा मिलिग्रॅम इकडचा तिकडे झाला तर मला नवल वाटत नाही. २.६ चा फरक मात्र नुसत्या पद्धतीवर ढकलता येणार नाही. मला पैज लावायला सांगितली तर मी १४.२ च्या बाजूला उभा राहीन.

हे पुस्तकात वाचून सांगत नाहीये. १९९९ साली मी एका खाजगी लॅबमध्ये नवा लागलो होतो. लॅबचं नाव राहू द्या. सॅम्पलचा रॅक पश्चिमेच्या खिडकीत ठेवायची तिथं पद्धत होती, कारण टेबलावर जागाच नसायची. एका बाळाचं तेरा आलं. बालरोगतज्ज्ञांचा फोन आला, पुन्हा लावा. दुपारी चारला त्याच बल्बमधलं उरलेलं सीरम, म्हणजे गोठलेल्या रक्तावरचं पिवळसर पाणी, लावलं तर नऊ. मी घाबरून तिसऱ्यांदा लावलं, आठ पूर्णांक काहीतरी. रिएजंट (तपासणीचं रसायन) बदललं, स्टँडर्ड (ठरलेल्या आकड्याचं द्रावण) पुन्हा चालवलं, सगळं बरोबर. शेवटी आमचे साहेब आले, त्यांनी बल्ब उजेडात धरला आणि विचारलं, ‘सकाळी याचा रंग कसा होता?’ सकाळी हळदीच्या पाण्यासारखं गडद पिवळं होतं, आता करडईच्या तेलाइतकं फिकट. ते काही बोलले नाहीत. टायपिंगच्या टेबलावरचा कार्बनपेपर उचलला, बल्बला गुंडाळला आणि रॅक फ्रिजमागच्या कोपऱ्यात नेऊन ठेवला. बाळाचं रक्त पुन्हा काढावं लागलं. त्या आईसमोर मला मान वर करता आली नव्हती. आता लॅबमध्ये कार्बनपेपर नसतो, आम्ही अॅल्युमिनियम फॉइल वापरतो.

गंमत म्हणजे जी चूक माझ्या खिडकीत झाली तीच आमच्या फार आधी इंग्लंडमध्ये झाली होती, आणि तिथल्या लोकांनी तिचं सोनं केलं. एसेक्समधल्या रॉचफर्ड हॉस्पिटलात १९५६ साली जीन वॉर्ड नावाच्या सिस्टर अपुऱ्या दिवसांच्या बाळांना अंगणात उन्हात नेत. एकदा त्यांनी डॉक्टरांना एक बाळ उघडं करून दाखवलं. अंग फिकट झालेलं आणि चादरीचा कोपरा जिथं आला होता तेवढा त्रिकोण पिवळाधमक. त्याच सुमारास तिथं उन्हात राहून गेलेल्या एका रक्ताच्या नळीचं बिलिरुबिनही अनपेक्षित कमी भरलं. दोन्ही धागे जुळले आणि १९५८ मध्ये क्रेमर, पेरीमन आणि रिचर्ड्स यांनी ‘लॅन्सेट’मध्ये दिव्याखालच्या उपचाराचा लेख छापला. आज नर्सरीत जो निळा दिवा लागतो, साधारण ४६० ते ४९० नॅनोमीटरचा, त्याची सुरुवात ही. तेवढ्यावरून ‘मग बाळाला कोवळ्या उन्हात धरलं की झालं’ असं कुणी घरी सांगितलं तर ऐकू नका. दिव्याखाली किती उजेड पडतोय ते मोजता येतं. गच्चीवरच्या उन्हाचं माप नाही, आणि आपल्याकडे आठ वाजताच ऊन कोवळं राहत नाही.

बाळाबद्दल एवढंच की १४.२ चांगलं की वाईट हे आकडा एकटा सांगत नाही. बाळ किती तासांचं, किती आठवड्यांनी जन्मलं, आई-बाळाचे रक्तगट काय, यावर डॉक्टर तक्ता बघून ठरवतात. तिसऱ्या ते पाचव्या दिवसापर्यंत आकडा चढणं बहुतेक बाळांत होतंच. त्यांच्या तांबड्या पेशी १२० दिवसांऐवजी ८०-९० दिवसच जगतात, एक ग्रॅम हिमोग्लोबिन मोडलं की सुमारे ३५ मिलिग्रॅम बिलिरुबिन निघतं, आणि त्याला पाण्यात विरघळण्याजोगं करणारं लिव्हरमधलं एन्झाइम अजून पुरतं जागं झालेलं नसतं. पहिल्या चोवीस तासांत दिसलेला पिवळेपणा मात्र कधीच ‘होतंच’ या खात्यात टाकायचा नाही. आणि पुढच्या खेपेला दुसरं मत हवं असेल तर डॉक्टरांचं घ्या. आकडे शक्यतो एकाच लॅबचे ठेवा. चढतोय की उतरतोय हे एकाच यंत्रावर कळतं.

आता पद्धतीकडे.

बिलिरुबिन ही एक वस्तू नाही, इथूनच घोळ सुरू होतो. एक साधं, जे अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनाला धरून फिरतं आणि पाण्यात विरघळत नाही. दोन आणि तीन, लिव्हरनं ग्लुक्युरॉनिक आम्ल जोडलेलं, एक जोड किंवा दोन जोड. चौथं डेल्टा, जे अल्ब्युमिनला कायमचं चिकटून बसतं. रिपोर्टवर आपण ‘टोटल’ (सगळं मिळून) आणि ‘डायरेक्ट’ (मुख्यतः जोडलेलं) एवढंच छापतो. ‘इनडायरेक्ट’ तर नुसती वजाबाकी असते. त्यामुळे चौघांपैकी कोण कुठल्या रकान्यात पडलं हे पद्धतीवर ठरतं.

या डेल्टानं मला बरीच वर्षं भांडणं लावून दिली. साथीच्या काविळीतून उठलेला माणूस येतो. भूक परतलीय, लघवी स्वच्छ झालीय, डोळे मात्र पिवळे आणि डायरेक्ट अजून तीनवर. कारण डेल्टा अल्ब्युमिनबरोबरच जातं, आणि अल्ब्युमिनचं अर्धायुष्य तीनेक आठवड्यांचं. ते लघवीतूनही गळत नाही. घरच्यांना वाटतं, औषध लागू पडत नाही. मग कुणीतरी वैदूकडे नेतं, डोक्यावर काविळीची माळ बसते, दोरा सैल होत होत माळ पोटापर्यंत उतरते आणि तोवर डेल्टाही उतरलेलं असतं. श्रेय माळेला. माळेवर माझा तितका राग नाही. नाकात देवडांगरीचे थेंब टाकतात त्यावर आहे. नाक सोलवटून निघालेलं पिवळं पाणी म्हणजे कावीळ नव्हे.

जुनी पद्धत डायझोची, बिलिरुबिनला डायझो रसायन जोडून येणारा रंग मोजायची. ती तुम्हाला समजावून सांगायची गरजच नाही. नॅप्थॉलचा लाल चढवताना तुम्ही बर्फ टाकून नायट्राइट आणि आम्लात बेस डायझो करता, मग सुतावर कपलिंग, म्हणजे जोडणी, होऊन रंग येतो. आम्ही सल्फानिलिक आम्ल घेतो आणि कपलिंग बिलिरुबिनशी करतो, इतकाच फरक. जर्मन शास्त्रज्ञ एर्लिखनं ही प्रतिक्रिया १८८३ मध्ये दाखवली. १९१६ मध्ये व्हान डेन बर्ग आणि म्युलर यांच्या लक्षात आलं की काही रुग्णांचं सीरम लगेच रंग देतं आणि काहींचं अल्कोहोल टाकल्यावरच. ‘डायरेक्ट’ आणि ‘इनडायरेक्ट’ हे शब्द तिथून आले. म्हणजे त्या नावांत लिव्हर कुठेच नव्हतं, फक्त रंग लगेच आला की उशिरा. १९३८ ची येंड्राशिक-ग्रोफ पद्धत, कॅफिन आणि बेंझोएट टाकून साध्या बिलिरुबिनलाही लवकर बोलतं करणारी, अजून आदराने वापरली जाते. डायझोचं दुखणं एकच सांगतो. बाळाच्या टाचेतून पिळून काढलेल्या रक्तातल्या पेशी बऱ्याचदा फुटतात, सीरम लालसर होतं आणि त्या हिमोग्लोबिनमुळे आकडा बहुधा खाली येतो. फुटलेल्या सॅम्पलचा आकडा मी टीप लिहिल्याशिवाय बाहेर सोडत नाही.

आणि आता तुमचं ऑक्सिडेज. जपानमध्ये सावाओ मुराओ आणि नोबोरू तनाका यांनी १९८१ साली मायरोथेसियम व्हेरुकारिया नावाच्या बुरशीतून हे एन्झाइम वेगळं केल्याचं प्रसिद्ध केलं. बुरशीला बिलिरुबिनशी काय घेणं, असा प्रश्न पडेल. फारसं काही नाही. नाव आपण आपल्या कामावरून ठेवलं.

मुका मार लागला की कातडी आधी निळी-काळी, मग हिरवट, मग पिवळी होते, हे आपण लहानपणापासून पाहतो. हिमोग्लोबिनमधलं हीम मोडून हिरवं बिलिव्हर्डिन आणि त्यातून पिवळं बिलिरुबिन, हाच तो क्रम. ऑक्सिडेज ही वाट उलटी चालतं. पिवळ्यातून हिरवं करतं आणि रेटलं तर त्याच्याही पुढे, जवळजवळ रंगहीन पदार्थांपर्यंत जातं. यंत्र सीरमचा पिवळा रंग ४५० नॅनोमीटरच्या आसपास आधी मोजून ठेवतं, एन्झाइम पडतं, काही मिनिटांनी पुन्हा मोजतं. जेवढं पिवळं नाहीसं झालं तेवढं बिलिरुबिन. क्युव्हेट (यंत्रातली छोटी पारदर्शक कुपी) बाहेर काढून पांढऱ्या कागदावर धरलंत तर गडद काविळीच्या सीरमला पोपटी झाक आलेली डोळ्यांना दिसते. सॅम्पलच स्वतःचं ब्लँक (तुलनेचा आधार) होत असल्यामुळे हिमोग्लोबिनची लाली दोन्ही वेळेस सारखीच मोजली जाते आणि वजाबाकीत बरीचशी निघून जाते. नवजात बाळांसाठी ही पद्धत मला म्हणूनच आवडते. डायरेक्ट मोजताना तेच एन्झाइम आम्लधर्मी द्रावणात वापरतात. तिथं जोडलेलं बिलिरुबिन ऑक्सिडाइझ होतं आणि साधं बहुतांश तसंच राहतं. टोटलसाठी डिटर्जंटसारखा पदार्थ घालून साधं बिलिरुबिन अल्ब्युमिनवरून सोडवून घेतात.

तिच्याही खोडी आहेत. दिव्याखाली असलेल्या बाळाच्या रक्तात बिलिरुबिनची उजेडानं वाकवलेली रूपं फिरत असतात. ती पाण्यात जास्त विरघळतात आणि एन्झाइम त्यांना जोडलेलं समजून डायरेक्टमध्ये धरू शकतं. फोटोथेरपी चालू असताना डायरेक्ट थोडं वर आलं म्हणून लगेच लिव्हरच्या तपासण्या लावायची घाई नको. दुसरं, साखरेच्या राखाडी बुचाच्या बल्बमधलं फ्लोराइड या एन्झाइमला बांधून टाकतं. रात्रपाळीचा पोरगा ‘एवढंच रक्त आहे, याच्यातच लावू’ म्हणतो तेव्हा माझा आवाज चढतो तो म्हणूनच. तिसरं, हे रिएजंट फ्रिजमध्येच राहिलं पाहिजे. मेमध्ये पुण्याहून एसटीच्या पार्सलने आलेला बॉक्स उघडला आणि आतली बर्फाची पिशवी कोमट लागली की मी तो वापरत नाही, मग डीलर कितीही तोंड वाकडं करो. एन्झाइम मेलं तर यंत्र ओरडत नाही. पिवळं कमी नाहीसं होतं, आणि बाळाचा आकडा गुपचूप बरा दिसायला लागतो. रोज कंट्रोल, म्हणजे आधीच आकडा माहीत असलेलं सॅम्पल, लावायचं ते याच भीतीनं. खर्चाचं म्हणाल तर डायझो स्वस्त पडतं. बऱ्याच ठिकाणी एन्झाइमऐवजी व्हॅनाडेटनं हेच ऑक्सिडेशन करतात आणि तेही चांगलं चालतं.

आणखी एक छुपं काम. किडनीच्या तपासणीतल्या क्रिएटिनीनच्या काही किटमध्ये हे ऑक्सिडेज थोडंसं घातलेलं असतं, बिलिरुबिनचा अडथळा आधी संपवायला. तिथं ते झाडूवाल्याचं काम करतं.

आता बॅटरी. त्यासाठी एन्झाइमच्या पोटात शिरावं लागेल, आणि खरं सांगायचं तर मला यातलं हेच सगळ्यांत सुंदर वाटतं. त्यात तांब्याचे चार अणू असतात. एक एकटा, बाहेरच्या अंगाला. तीन एकत्र, आत. एकटा बिलिरुबिनकडून इलेक्ट्रॉन घेतो आणि आतल्या तिघांकडे पोचवतो. तिघं हवेतला ऑक्सिजन धरून ठेवतात, चार इलेक्ट्रॉन जमले की त्याचं सरळ पाणी करतात. मध्ये हायड्रोजन पेरॉक्साइड सुटत नाही. साखरेच्या टेस्टमध्ये ग्लुकोज ऑक्सिडेज पेरॉक्साइड सोडतं आणि त्यावरच आमचा गुलाबी रंग येतो, तसं इथं नाही. त्या एकट्या तांब्यामुळे शुद्ध एन्झाइम निळं दिसतं. निळं आणि पिवळं मिळून हिरवं, असं रंगाच्या धंद्यातल्या माणसाला वाटेल. पण तसं नाही, हिरवा बिलिव्हर्डिनचा स्वतःचा आहे. रिएजंटमध्ये एन्झाइम इतकं थोडं असतं की त्याचा निळा कळतही नाही.

आम्ही लॅबवाले या एन्झाइमचा फक्त डावा हात बघतो, बिलिरुबिन पकडणारा. बॅटरीवाल्यांना उजवा हात हवा होता, ऑक्सिजनचं पाणी करणारा. बिलिरुबिनच्या जागी कार्बनच्या तारेतून इलेक्ट्रॉन दिले तरी एन्झाइम ते घेतं. नव्या शतकाच्या सुरुवातीपासून त्याचा कॅथोड (बॅटरीचं इलेक्ट्रॉन आत घेणारं टोक) म्हणून अभ्यास झाला. याच कामाचं दुसरं एन्झाइम म्हणजे लॅकेज, पण बुरशीतलं लॅकेज आंबट द्रावणात खूश असतं आणि मिठातल्या क्लोराइडपुढे ढेपाळतं. बिलिरुबिन ऑक्सिडेज रक्ताच्या सामूला आणि रक्ताच्या खारटपणातही काम करतं. शरीरात बसवायच्या सेलसाठी नेमकं हेच हवं.

ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात निकोलस मानो आणि अॅडम हेलर यांच्या गटानं २००३ मध्ये ७ मायक्रॉन जाडीच्या आणि २ सेंटिमीटर लांबीच्या दोन कार्बनच्या तारा एका द्राक्षात खुपसल्या. एकीवर ग्लुकोज ऑक्सिडेज, दुसरीवर हे. द्राक्षाच्या रसातली साखर हे इंधन आणि ऑक्सिजन आतलाच. सुमारे २.४ मायक्रोवॅट मिळाले. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा समोरच्या बशीत नान्नजची द्राक्षं होती, आणि आमच्या सौ. ‘तारा कुठल्या बघताय त्यात?’ म्हणाल्या होत्या. २००७ मध्ये सोनीनं साखरेच्या पाण्यावर चालणारी बायोबॅटरी दाखवली, ५० मिलिवॅटची, तिच्यावर वॉकमन वाजवून. तिच्या कॅथोडवरही हेच एन्झाइम होतं. दुकानात ती का आली नाही, याचं कारण माझ्या फ्रिजमधल्या रिएजंटइतकंच साधं आहे. एन्झाइम थकतं. दिवसांत, फार तर आठवड्यांत.

औषधात थेट वापरायचाही प्रयत्न झालाय. १९८५ मध्ये एमआयटीतल्या क्लिबानोव्ह आणि लँगर यांच्या गटानं हे एन्झाइम मण्यांवर बसवून त्याचा कॉलम केला आणि जन्मजात कावीळ असलेल्या उंदरांचं रक्त त्यातून फिरवलं, बिलिरुबिन उतरलं. कल्पना देखणी होती, पण ती नर्सरीत रुजली नाही. बाळाचं रक्त बाहेर काढून फिरवण्यापेक्षा निळा दिवा सोपा.

तुमच्या धंद्याचं राहिलं. हे एन्झाइम काही अँथ्राक्विनोन रंगही फिके करतं, रेमाझोल ब्रिलियंट ब्लू आर त्यातला ओळखीचा. पण ईटीपीच्या (सांडपाणी शुद्धीकरणाच्या) टाकीत ओतण्याच्या भावात ते मिळत नाही, त्या कामासाठी लोक लॅकेजकडे जातात. आणि तुमच्या साहेबांशी बोलायला गेलात तर नाव पूर्ण घ्या. शोधनिबंधांत या एन्झाइमचं लघुरूप बीओडी असतं आणि तुमच्याकडे बीओडी म्हटलं की सांडपाण्याची ऑक्सिजनची मागणी. मागे एकदा मी एमआयडीसीतल्या मित्राला उत्साहानं म्हणालो, ‘आमच्याकडे बीओडी मागवलंय, महाग पडलं.’ तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. ‘आम्ही ते कमी करायला पैसे घालतो,’ म्हणाला, ‘आणि तुम्ही विकत आणता?’